तीन मिनिटांत काय ते ठरवा

पुण्यात बसून बर्फावरचं फिगर स्केटिंग बघणारी माणसं थोडी आहेत. वहिनी त्यांच्यात नाहीत. त्या फिजिओथेरपिस्ट. कबड्डीतले गुडघे, ढोलपथकांतले खांदे, चाकांच्या बुटांवर आर्टिस्टिक स्केटिंग करणाऱ्या पोरांच्या टाचा असं सगळं त्यांच्याकडे येतं. मी खेळाडूचा चेहरा बघतो, त्या घोटा बघतात. त्यामुळे एकच चित्रफीत बघूनही आमचं जमत नाही. खालचा वाद 2014 सालच्या शांघायवरून सुरू झाला. झाला तसाच देतोय, फक्त माझी वाक्यं जरा नीटनेटकी केली आहेत. लिहिणाऱ्याला एवढी सवलत असावी.

वहिनी : थांबवा. हे आत्ता झालं ते परत लावा.

मी : चीन कप, नोव्हेंबर 2014. फ्री स्केटच्या आधी एका गटातले सगळे खेळाडू एकदम बर्फावर येतात आणि सहा मिनिटं हातपाय मोकळे करतात. हा जपानचा युझुरु हान्यू. वय एकोणीस, त्याच वर्षी फेब्रुवारीत सोचीला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला. समोरून येतोय तो चीनचा यान हान. दोघंही वेगात आणि दोघांचंही लक्ष आपापल्या पुढच्या उडीवर.

वहिनी : डोकं आपटलं. हनुवटी फुटली. उठायला किती वेळ लागतोय बघा. मग रुग्णवाहिका कधी आली?

मी : रुग्णवाहिका कसली? डोक्याला पट्टी गुंडाळली, हनुवटीला चिकटपट्टी लावली आणि थोड्या वेळानं तो खेळायला उतरला. पाच वेळा पडला आणि पाचही वेळा उठून पुढची उडी मारली. दुसरा आला. यान हानसुद्धा खेळला. गुण लागले तेव्हा हान्यू ओक्साबोक्शी रडत होता.

वहिनी : आणि इकडे तुम्ही.

मी : हो, मीही. त्यात लाजण्यासारखं काय आहे? त्या दुसऱ्या क्रमांकाच्या जोरावरच तो पुढे बार्सिलोनाच्या ग्रां प्री अंतिम फेरीत पोचला आणि डिसेंबरमध्ये ती जिंकला. शांघायला माघार घेतली असती तर बार्सिलोना नाही.

वहिनी : भाऊजी, एखादा माणूस सिग्नल तोडून सुखरूप पलीकडे गेला म्हणून सिग्नल तोडणं बरोबर ठरत नाही. डोक्याला मार लागल्यावर मेंदूला हादरा बसलाय की नाही हे पाच-दहा मिनिटांत खात्रीनं सांगता येत नाही. लक्षणं कधी तासाभरानं येतात, कधी दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात पुन्हा आपटलं तर धोका फार वाढतो. हा तर पाच वेळा आपटला! क्रिकेटमध्ये 2019 पासून कन्कशनसाठी बदली खेळाडू घेता येतो. तिथं डॉक्टर तपासतो आणि ठरवतो. फलंदाज म्हणाला ‘मी ठीक आहे’ म्हणून विषय संपत नाही.

मी : क्रिकेट सांघिक खेळ आहे, अकरांतला एक गेला तर बारावा येतो. स्केटरची बदली म्हणजे दुसऱ्याच माणसाची स्पर्धा. आणि हा निर्णय त्यानं घेतला, कुणी ढकललं नाही त्याला.

वहिनी : कधी घेतला?

मी : म्हणजे?

वहिनी : आपटल्यानंतर किती वेळानं? डोकं गरगरतंय, अ‍ॅड्रेनलिन चढलंय, प्रेक्षागृह नाव घेऊन ओरडतंय, प्रशिक्षक तोंडाकडे बघतोय. माझ्याकडे पेशंट आला तर साध्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला दोन दिवस विचार करायला सांगतात, घरच्यांशी बोलायला सांगतात. इथं एकोणीस वर्षांच्या पोरानं मेंदू हादरलेला असताना मेंदू वापरून ठरवायचं! याला तुम्ही त्याचा निर्णय म्हणता.

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते शांघायचं नव्हतं, म्हणून मी तुरीनला गेलो.

मी : मग झांग दानचं काय म्हणाल? तुरीन, 2006, जोड्यांची अंतिम स्पर्धा. झांग हाओनं तिला फेकलं, तिनं हवेत चार फेऱ्या मारून उतरायचं होतं. ऑलिंपिकमध्ये तोवर ती उडी कुणाला साधली नव्हती. ती पडली, दोन पाय दोन दिशांना गेले, गुडघा दुखावला. संगीत थांबलं. तिला धरून बाहेर नेलं. काही मिनिटांनी ती परत आली, उरलेला कार्यक्रम पुरा केला आणि जोडीला रौप्यपदक मिळालं. तिचं डोकं शाबूत होतं, गुडघा तिचा होता, आणि तिनं ठरवलं.

वहिनी : आता असं झालं तर किती वेळ देतात?

मी : तीन मिनिटं. नियमात लिहिलंय. तेवढ्यात परतलात तर जिथं थांबलात तिथून पुढे, पाच गुण कापून. नाही परतलात तर स्पर्धेतून बाहेर.

वहिनी : तीन मिनिटं म्हणजे बुटाची नाडी तुटली तर बांधायला पुरेसा वेळ. गुडघ्यात काय फाटलंय ते कळायला सूज चढावी लागते, ती चढायलाच काही तास जातात. ताज्या दुखापतीला पहिली काही मिनिटं कित्येकदा दुखतसुद्धा नाही फारसं. म्हणजे तुमच्या नियमानं माणसाला नेमकी तीच मिनिटं दिली आहेत ज्यांत त्याला स्वतःच्या शरीराबद्दल सगळ्यात कमी माहिती असते.

हा मुद्दा मला तेव्हाही खोडता आला नाही आणि लिहिताना पुन्हा प्रयत्न करून पाहिला तरी येत नाही. पण वहिनींचा पुढचा प्रश्न अगदी साधा होता, आणि त्यानं माझी जास्त पंचाईत केली.

वहिनी : पडल्याचे किती गुण कापतात?

मी : एक.

वहिनी : एक टक्का?

मी : एक गुण. शिवाय उडीच्या दर्जाचे वजा गुण लागतात, ते वेगळे.

वहिनी : मग नीट मांडून दाखवा. पडून चार फेऱ्या केलेल्या बऱ्या की न पडता तीन?

मांडून दाखवलं. 2018 च्या आधीच्या तक्त्यात चार फेऱ्यांच्या लुट्झ उडीची मूळ किंमत 13.6 होती. फेऱ्या पुऱ्या करून खेळाडू सपशेल आपटला तर दर्जापोटी जास्तीत जास्त 4 गुण जायचे आणि पडल्याचा 1. हातात उरले 8.6. तीन फेऱ्यांच्या लुट्झची किंमत 6.0, आणि ती डोळ्यांचं पारणं फिटेल अशी मारली तर वर 2.1, म्हणजे 8.1. जमिनीवर लोळणारा पुढे, देखणी उडी मारणारा मागे. (घटक-गुण म्हणून आणखी एक प्रकार असतो, त्यात पडण्याची थोडी वसुली होते, पण थोडीच.)

वहिनी : म्हणजे आपटण्याचे पैसे मिळत होते.

मी : अवघड गोष्ट करून बघण्याचे मिळत होते. नाहीतर सगळे जन्मभर तीन फेऱ्यांवरच बसले असते. आणि 2018 मध्ये तक्ता बदलला. चौपट लुट्झ 11.5 वर आणली, पडलं की जवळजवळ निम्मी किंमत जाते, वर एक गुण. उरतात 4.75. तिप्पट लुट्झ 5.9. आता हिशोब उलटा लागतो. पुरुषांच्या फ्री स्केटमधल्या उड्याही आठाच्या सात केल्या.

वहिनी : स्पर्धेत उलटा लागतो. सरावात? चौपट उडी अंगात बसेपर्यंत पोरं किती वेळा पडतात ते कुठल्या तक्त्यात येतं? माझ्याकडे येणारी दुखापत ऑलिंपिकमधली नसते, भाऊजी. ती मंगळवारी सकाळी सहा वाजताच्या सरावातली असते. टीव्हीवर पडतो तो एकदा पडतो, आणि तेवढंच तुम्ही मोजता.

इथं त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. त्यातलं जमेल तेवढं देतो, कारण चाहत्यांना हे कुणी सांगत नाही. चौपट उडीत खेळाडू हवेत असतो सेकंदाच्या दोन तृतीयांश भागाएवढा. तेवढ्यात चार गिरक्या घेऊन तो खाली येतो तो एकाच पायावर, उलट्या दिशेनं सरकत, जेमतेम चारेक मिलिमीटर जाडीच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर. डावीकडे फिरणाऱ्याचा उतरायचा पाय नेहमी उजवाच. उतरताना त्या पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट मोजला गेला आहे. धावताना किंवा उडी मारून उतरताना आपला घोटा वाकतो, आधी चवडा टेकतो मग टाच, आणि धक्का वाटेत जिरतो. स्केटिंगचा बूट मात्र घोटा वाकू नये इतका कडक बनवलेला, कारण तो लेचापेचा असेल तर पात्याच्या कडेवर तोल धरता येत नाही. बिनस्प्रिंगच्या बैलगाडीत धक्का चाकाला बसत नाही, आत बसलेल्याच्या मणक्यांना बसतो. तसा तो गुडघ्यात, खुब्यात, कमरेत जातो. घोट्याजवळ वाकणारे बूट करून पाहिले गेले, पण स्पर्धेतल्या खेळाडूंनी ते उचलले नाहीत.

वहिनी : आता तुमच्या हान्यूचं पुढचं सांगा. मी लिहून घेते.

मी : नोव्हेंबर 2017, ओसाका, एनएचके ट्रॉफीचा सराव. चौपट लुट्झवरून पडला आणि घोट्याचं लिगामेंट दुखावलं.

वहिनी : कुठला घोटा?

मी : उजवा. प्याँगचांगचं ऑलिंपिक तीन महिन्यांवर. अंतिम फेरी गेली, जपानची राष्ट्रीय स्पर्धा गेली. कित्येक आठवडे बर्फावर पाय नाही. चौपट उड्या सुरू केल्या त्या ऑलिंपिकच्या जेमतेम दोन-अडीच आठवडे आधी. आणि मग 16 फेब्रुवारीला शॉपँच्या संगीतावर शॉर्ट प्रोग्रॅम : 111.68 गुण, एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी सुवर्ण. पुरुषांत लागोपाठ दोन ऑलिंपिक जिंकणारा अमेरिकेच्या डिक बटननंतर तो पहिला, तब्बल सहासष्ट वर्षांनी. आणि वहिनी, तुम्ही समजता तसं त्यानं डोळे मिटून खाली उडी टाकली नव्हती. ज्या लुट्झनं पाडलं ती कार्यक्रमातून काढली, लूप उडीही काढली. साल्काव आणि टो लूप या दोन ओळखीच्या चौपट उड्यांवर सगळा डाव रचला. याला मी शहाणपण म्हणतो.

वहिनी : मीही म्हणते. वेदनाशामक गोळ्या?

मी : घेतल्या होत्या. नंतर स्वतःच सांगितलं, त्यांच्याशिवाय उडी मारता आली नसती म्हणून.

वहिनी : पुढे.

मी : नोव्हेंबर 2018, मॉस्को. फ्री स्केटच्या दिवशी सकाळच्या सरावात पडला. उजवा. तरी संध्याकाळी खेळला, जिंकला, आणि पदक घ्यायला कुबड्यांवर आला. अंतिम फेरी आणि राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा हुकल्या.

वहिनी : पुढे.

मी : फेब्रुवारी 2022, बीजिंग. फ्री स्केटच्या आदल्या दिवशी सरावात…

वहिनी : उजवा.

मी : उजवा. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला आणि चार फेऱ्यांची अ‍ॅक्सल मारायला गेला. खरं तर त्या साडेचार फेऱ्या होतात. पडला, पण चौपट अ‍ॅक्सल म्हणून पंचांनी ती अधिकृतपणे नोंदली, जगात पहिल्यांदा. चौथा आला. जुलैमध्ये स्पर्धांतून निवृत्त झाला.

वहिनींनी वीजबिलाच्या पाकिटावर तीन ओळी लिहिल्या होत्या, तिन्हींत वर्ष आणि पुढे ‘उ’. पाकीट त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

वहिनी : लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नसते. पाय नेमका किती वाकलाय, किती कललाय, हे मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकं तिच्यात असतात. दोरी जुळते, सूज उतरते, दुखणं थांबतं, माणूस म्हणतो बरा झालो. कळवणारी यंत्रणा मात्र मागे राहते. म्हणून आम्ही पोरांना डुगडुगत्या फळीवर एका पायावर उभं करतो, डोळे मिटायला लावतो. आठवडेच्या आठवडे. त्यांना फार कंटाळा येतो. आयांनाही येतो, ‘एवढंच करायला इथं यायचं का’ म्हणतात. त्यानंतर साध्या एका फेरीची उडी, मग दोन, मग तीन. सगळा धागा घट्ट होऊन पूर्वीसारखा व्हायला वर्षसुद्धा लागतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं मुख्य कारण ही घाईच असते. तुमच्या हान्यूच्या घोट्यात नेमकं काय झालं ते मला पुण्यात बसून कळणार नाही आणि मी सांगणारही नाही. पण या पाकिटावर जे दिसतंय ते माझ्या खोलीत रोज दिसतं.

मी : मग तुम्हाला आवडेल असा दुसरा जपानी देतो. दाइसुके ताकाहाशी. 2008 च्या हिवाळ्याच्या तोंडावर सरावात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली. त्यानं तो अख्खा हंगाम सोडला. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये कांस्यपदक, जपानच्या पुरुषांचं या खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. पुढच्याच महिन्यात तुरीनला विश्वविजेता.

वहिनी : बघा! मी काय वेगळं सांगतेय?

मी : जरा कॅलेंडर बघा. ताकाहाशीकडे ऑलिंपिकपर्यंत पंधरा-सोळा महिने होते. हान्यूकडे तीन. ताकाहाशी जास्त शहाणा होता की त्याचा गुडघा सोयीच्या वर्षी तुटला? स्केटरच्या आयुष्यात ऑलिंपिक दोनदा येतं, फार झालं तर तिसऱ्यांदा. त्याला ‘आधी पूर्ण बरा हो’ म्हणणं तुम्हाला निरुपद्रवी वाटतं, पण त्याचा अर्थ कधीकधी ‘आता विसर’ असाच असतो. हान्यूचा घोटा गेला त्याच हिवाळ्यात रशियाच्या येवगेनिया मेदवेदेवाच्या पावलाचं हाड मोडलं होतं. ती परतली, तिनं रौप्य घेतलं, सुवर्ण 1.31 गुणांनी हुकलं. तिनं घरी बसायला हवं होतं का? मला नाही वाटत.

वहिनी : मी घरी बसवायला निघालेली नाही. ऑलिंपिक दर चार वर्षांनी येतं हे मला मान्य आहे. पण तुम्ही ज्यांची नावं घेताय ती सगळी प्रौढ माणसं तरी आहेत का? मेदवेदेवा तेव्हा किती वर्षांची होती?

मी : अठरा.

वहिनी : आणि हाड मोडलं तेव्हा सतरा.

वाद इथून वयावर गेला, आणि मला जाणवलं की आमची खरी फारकत घोट्यावर नव्हतीच. टारा लिपिन्स्कीनं 1998 ला नागानोमध्ये पंधराव्या वर्षी सुवर्ण घेतलं आणि अठराव्या वर्षी तिच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेचा नेथन चेन सोळा वर्षांचा असताना, जानेवारी 2016 मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा संपल्यावरच्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात जायबंदी झाला. खुब्यापाशी स्नायूनं हाडाचा तुकडा ओढून काढला होता. वर्षभरानं त्यानं एकाच कार्यक्रमात पाच चौपट उड्या मारल्या आणि 2022 ला ऑलिंपिक जिंकलं, हे मी लगेच सांगितलं. वहिनींनी फक्त हाडाच्या तुकड्याबद्दल विचारलं.

वहिनी : वाढत्या वयात हाड स्नायूपेक्षा कच्चं असतं. मोठ्या माणसाचा स्नायू फाटतो, पोराचं हाड सुटतं. माझ्याकडे चाकांवरची पोरं येतात, सिमेंटच्या जमिनीवर उड्या मारणारी. टाच दुखते, गुडघ्याखाली टेंगूळ येतं. बहुतेकांना औषध एकच : काही आठवडे उड्या बंद. आणि बहुतेकांची पुढच्या रविवारी स्पर्धा असते.

मी : म्हणून तर नियम बदलला. जून 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं वरिष्ठ स्पर्धांचं किमान वय पंधरावरून सतरावर नेलं, दोन टप्प्यांत. शंभर विरुद्ध सोळा मतांनी.

वहिनी : चांगलं केलं. आणि बाराव्या वर्षी चौपट उडी शिकवायला बंदी केली?

मी : नाही. अलेक्सांद्रा त्रुसोवानं 2018 च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत दोन चौपट उड्या मारल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ज्युनिअरचं दार अजून तेराव्या वर्षीच उघडतं.

वहिनी : म्हणजे ऑलिंपिकचं फाटक वर सरकवलं, सरावाचं तिथंच राहिलं. आणि खाण्याचं काय? फिरायला अंग हलकं लागतं, मुलगी वयात आली की अंग भरतं, फेऱ्या कमी पडतात. मग ताट लहान होतं. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की पाळी थांबते आणि हाडं भुसभुशीत होतात. मग पडायचीसुद्धा गरज उरत नाही, रोजच्या उड्यांनीच हाडाला बारीक तडे जातात. ते सुरुवातीला एक्स-रेमध्येही दिसत नाहीत. पोरगी ‘दुखतंय’ म्हणते आणि सगळे म्हणतात ‘नखरे’.

यावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता, फक्त एक नाव होतं. युलिया लिप्नित्स्काया, सोचीत पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण, लाल कोटातली ती मुलगी. 2017 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना तिनं खेळ सोडला, अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेतल्यानंतर. तिची सोचीची चित्रफीत माझ्याकडे आहे. वहिनींनी ती मागितली नाही, मीही लावली नाही.

मधेच मी नॅन्सी केरिगनचा विषय काढला होता, 1994 मध्ये डेट्रॉइटला जिच्या पायावर दांडका मारला ती. सात आठवड्यांत परतून तिनं रौप्य घेतलं. वहिनींनी तो विषय दोन वाक्यांत मिटवला : हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता, सात आठवड्यांत बरा होणारच. या खेळातली जगात सगळ्यात गाजलेली दुखापत या खेळानं केलेलीच नाही, आणि लोकांना तीच आठवते. मला हे मान्य आहे.

मी : मग तुम्हाला पुनरागमन नावाच्या गोष्टीचंच वावडं आहे का? येलेना बेरेझनाया घ्या. जानेवारी 1996, रीगामधला सराव. जोडीदाराच्या स्केटचं पातं तिच्या डोक्यात घुसलं. मेंदूवर शस्त्रक्रिया. वाचा गेली. अंतोन सिखारुलिद्झेबरोबर ती नव्यानं बर्फावर आली आणि एका वर्षात युरोपीय स्पर्धेत कांस्य, 1998 ला ऑलिंपिक रौप्य, 2002 ला सुवर्ण. किंवा तात्याना तोत्मियानिना. 2004 मध्ये पिट्सबर्गला जोडीदाराच्या हातातून डोक्यावर पडली, बेशुद्ध. पाच महिन्यांनी विश्वविजेती, 2006 ला ऑलिंपिक विजेती.

वहिनी : तोत्मियानिनाच्या जोडीदाराचं काय झालं?

मी : मारिनिन? त्याला तिला पुन्हा डोक्यावर उचलण्याची भीती घालवावी लागली.

वहिनी : ते मला बघायला आवडेल. बेरेझनाया पुन्हा बोलायला शिकली तेही. पहिला शब्द कधी आला, कुणी शिकवलं, किती महिने लागले. त्याच्या चित्रफिती नसतात तुमच्याकडे. तुमच्याकडे आधीचा अपघात असतो आणि नंतरचं पदक. मधलं सगळं माझं काम, आणि ते कापलेलं असतं.

मी : दियाना स्टेलाटो-ड्युडेकचं मधलं फार लांब आहे. अमेरिकेची. 2000 मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य, पुढच्याच वर्षी खुब्याच्या दुखण्यानं खेळ संपला. वय सतरा. सोळा वर्षांनी परत आली, एकेरी सोडून जोडीत. 2024 ला माँट्रियलमध्ये कॅनडाकडून मॅक्झिम देशांबरोबर विश्वविजेती. वय चाळीस. इतक्या वयाची स्त्री या खेळात कधीच विश्वविजेती झाली नव्हती.

वहिनी : सोळा वर्षं विश्रांती! हिला मी माझ्या खोलीत फोटो लावून ठेवीन.

मी : म्हणजे हे पुनरागमन चालतं.

वहिनी : धावत चालतं. पण 2001 साली तिच्यासारख्याच खुबा धरून थांबलेल्या बाकी मुलींपैकी एकीचं नाव सांगा. न परतलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही, म्हणून परतणं सोपं वाटतं. माझ्याकडे मात्र त्याच येतात, पस्तिशीत, जिना उतरताना कठडा धरून.

यानंतर वहिनींनी मला चकित केलं. त्यांना आवडलेला स्केटर निघाला येवगेनी प्लुशेंको, ज्याच्यावर मी 2014 पासून रागावून आहे. सोचीला पुरुषांत रशियाची एकच जागा होती. राष्ट्रीय स्पर्धा माक्सिम कोव्तुननं जिंकली होती, पण जागा गेली एकतीस वर्षांच्या प्लुशेंकोला. वर्षभरापूर्वी त्याच्या मणक्यातली गादी काढून कृत्रिम बसवली होती. सांघिक स्पर्धेत तो खेळला, सुवर्ण मिळालं. एकेरीच्या दिवशी सरावात एक उडी वाकडी उतरली. तो कंबर धरून पंचांकडे गेला आणि माघार घेतली. बदली खेळाडू घ्यायची वेळ केव्हाच टळली होती. माझं म्हणणं, त्यानं कोव्तुनची जागा खाल्ली.

वहिनी : ती आधीची चूक, आणि ती निवडणाऱ्यांची. त्या संध्याकाळचं मी बोलतेय. घरचं मैदान, सगळं प्रेक्षागृह त्याचं, शेवटचं ऑलिंपिक, आणि हा सरळ पंचांकडे चालत गेला. तुमच्या सगळ्या शूरांपैकी एकाला तरी हे जमलं का?

मी : मिशेल क्वानला. 2006, तुरीन. जांघेतलं दुखणं सरावात वाढलं, तिनं स्पर्धेआधीच नाव काढून घेतलं आणि एमिली ह्यूजला जागा मिळाली.

वहिनी : मग तिची चित्रफीत लावा.

मी : तिनं माघार घेतली वहिनी, चित्रफीत कसली? पत्रकार परिषद असेल.

वहिनी : ती लावा.

लावली. अर्धी बघून झाल्यावर आम्ही तडजोडीला बसलो, म्हणजे वहिनींनी अटी घातल्या. डोक्याला मार लागला तर खेळाडूला विचारायचं नाही; कुठल्याही संघाचा नसलेला डॉक्टर ठरवील आणि तो शब्द शेवटचा. मी कबूल झालो. अठराच्या आतल्या खेळाडूला घोटा, गुडघा, पाठ कशासाठीही तोच नियम. यावर मी कुरकुरलो, मग तेही कबूल केलं. प्रौढाचा घोटा मात्र प्रौढाचा, हे मी सोडलं नाही, आणि बीजिंगच्या इंजेक्शनवर गाडं अडलं.

वहिनी : दुखणं हा शरीराचा निरोप असतो. तो बंद करून सर्वांत अवघड उडी मारायला पाठवणारा डॉक्टर मला डॉक्टर वाटत नाही.

मी : सत्तावीस वर्षांचा माणूस, दोन सुवर्णपदकं घरात, पदकाची आशा जवळपास संपलेली. ती अ‍ॅक्सल त्याला स्वतःसाठी मारायची होती. त्याला नाही म्हणणारे तुम्ही कोण?

वहिनी : बरं, मारू दे. मग निकालपत्रात लिहा. फेऱ्या अपुऱ्या पडल्या की उडीपुढे खूण करता ना? तशी इंजेक्शनची एक खूण करा. बघणाऱ्याला कळू दे काय बघितलं ते.

मी : तशी खूण दिसली तर लोक दुप्पट टाळ्या वाजवतील.

वहिनी : तुम्ही वाजवाल?

मी : बीजिंगला? हो.

वहिनी : मग ती खूण राहू द्या. दुसरं काहीतरी शोधावं लागेल.